गेटावर बसलेले पैलवान

लोखंड रुसतं, हे मला लग्नानंतर कळलं. माझं माहेर आटपाडीकडचं. तिथं माझे वडील विळे आणि मेंढरं कातरायच्या कात्र्या करायचे. लोखंड तापायचं, मार खायचं आणि मुकाट्यानं विळा व्हायचं. इस्लामपुरात सासरी आले, तर इथलं लोखंड भलत्याच स्वभावाचं निघालं. आज सांगाल तसं वागायचं आणि उद्या सकाळी उठून बघावं तर तोंड फिरवून बसलेलं.

त्याला कारण आमचे हे. यांनी मिलिटरीच्या वर्कशॉपात वेल्डिंगचं काम केलं होतं. नोकरी संपवून गावी आले ते येताना एक काळी ट्रंक, कडक इस्त्रीची सवय आणि वेल्डिंगचं वेड घेऊन आले. मामंजींच्या भात्याशेजारी यांनी वेल्डिंगचं मशीन मांडलं. तेव्हापासून आमच्या छपराखाली दोन राज्यं होती. भात्याच्या बाजूला मामंजी, ऐरण आणि रिबीट, म्हणजे पट्ट्यांना भोकं पाडून आरपार ठोकायचे जाड खिळे. मशीनच्या बाजूला हे, त्यांची काळी काच आणि ठिणग्या. मामंजींचं मत एकच होतं, आणि ते जेवताना, झोपताना, पाहुण्यांसमोर सारखंच असायचं. "डाग दिला की लोखंड वाकतंय. रिबीट मारलं की वाकत न्हाई." वेल्डिंगला ते डाग म्हणायचे, आणि म्हणताना तोंड असं करायचे की धोतरावर डाग पडलाय.

ही सत्तरच्या दशकाच्या मधली गोष्ट. साखर कारखान्यामुळं आमच्या भागात उसाला चांगले दिवस आले होते आणि जो तो बंगला बांधत होता. बंगला म्हटला की गेट आलं. आणि शेजाऱ्याच्या गेटावर कमळ असेल तर आपल्यावर मोर हवा, हेही आलंच.

गावाबाहेर उसाच्या मळ्यात एका रिटायर सुभेदारांनी बंगला बांधला. त्यांना मोठं दोन झडपांचं गेट हवं होतं. बैलगाडी उसासकट आत यावी एवढं रुंद. दोन्ही झडपांवर एकेक मोर, गेट बंद केलं की दोघांच्या चोची बरोबर मधोमध भिडल्या पाहिजेत. भोवती वेलबुट्टी. वास्तुशांतीला त्यांच्या पलटणीचे जुने कर्नलसाहेब येणार होते. जीप आली की सुभेदार बंद गेटापाशी उभे राहून सलाम ठोकणार आणि मग गेट उघडणार, असा त्यांचा बेत होता. "गेट बंद असंल तरच उघडता येतंय," असं त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. आमचे हे मिलिटरीत त्यांच्यापेक्षा कितीतरी खालच्या हुद्द्याचे, त्यामुळं ऐकताना चहाचा कप हातात धरून सावधान उभे होते. चहा गार झाला.

पहिली झडप यांनी एका दमात जोडली. जमिनीवर विटा मांडून त्यावर पट्ट्या ठेवल्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकाच अंगानं, सरसर डाग देत गेले. मी बघत होते. मला ते फार सुंदर वाटलं, कारण तेव्हा मला काही कळत नव्हतं. लोखंड तापलं की फुगतं आणि गार होताना आकसतं. जिथं डाग दिला तिथं जास्त आकसतं आणि बाकीच्याला आपल्याकडं ओढतं. सगळे डाग एकाच अंगाला दिले तर सगळी ओढही त्याच अंगाला. सकाळी बघितलं तर झडपेचा एक कोपरा जमिनीपासून वीतभर वर उठला होता आणि मोर मान मागं टाकून आभाळाकडं बघत होता, कुणीतरी त्याच्या घशात औषध ओतणार असल्यागत.

तरीही यांनी ती बैलगाडीत घातली आणि मळ्यावर नेली. टांगल्यावर वजनानं सरळ होईल, अशी त्यांना आशा होती. तिथं सुभेदारांचा गवंडी खांब बांधत होता. हा गवंडी अतिशय मायाळू माणूस. त्यानं झडप बघितली, सगळीकडून मापं घेतली आणि म्हणाला, "काय काळजी करू नका. मी बघतो." आम्हाला वाटलं, धीर देतोय.

झडप उचलून उभी धरली, तरी काही सरळ झाली नाही. सुभेदार तिच्यासमोर उभे राहिले. मोर कुठं बघतोय ते बघायला त्यांनी स्वतःही वर बघितलं. मग म्हणाले, "कर्नलसायबाला मी मोर दाखवणार हाय. मोर कुणाला काय दाखवतोय?"

झडप परत गाडीत घालून घरी येताना हे माझ्याशेजारी ताठ बसले होते. घर दिसायला लागल्यावर म्हणाले, "हे गेट खांबाला बसलं न्हाई, तर मी दुकान बंद करणार. पिंपरीला मावसभाऊ कारखान्यात चिकटवतो म्हनलाय. ट्रंक भरायची आन जायचं." बैलं हाकणाऱ्या मामंजींनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

पिंपरीत एक खोली, तिच्यात मावसभाऊ, त्याची बायको आणि आम्ही. इथं माझ्या दारात नळ होता. आटपाडीकडच्या बाईला दारातला नळ म्हणजे काय, हे बारमाही पाण्यावर वाढलेल्या माणसाला सांगून कळणार नाही. लग्नानंतर पहिले कितीतरी दिवस मी उगाचच उठून त्याची चावी फिरवून यायची. मागं गोठ्यात माझी म्हैस होती. ती मी रेडकू असल्यापासून वाढवलेली. मी यांना विचारलं, "म्हशीला कुठल्या कारखान्यात चिकटवणार हाय तुमचा मावसभाऊ?" मला जायचं नव्हतं. ते गेट सरळ होणं आता सुभेदारांपेक्षा माझी गरज होती.

पहिला उपाय मामंजींचा. उलट्या अंगानं तापवायचं आणि घण घालायचा. घातला. झडप वळली, पण भलतीकडं. आभाळाकडं बघणारा मोर आता स्वतःच्या पायांकडं बघायला लागला, काही हरवल्यासारखा. मामंजी म्हणाले, "रिबीट मारलं असतं तर हे झालं नसतं," आणि तंबाखू मळत निघून गेले.

दुसरा उपाय यांचा. पुन्हा डाग द्यायचे, पण झडपेवर वजन ठेवून. गार होताना तिला उठताच येऊ नये. एवढं वजन आणायचं कुठून? गुऱ्हाळांचे दिवस होते आणि समोरच गुळाची अडत. अडत्या शेजारधर्माला जागला. त्यानं हमालांकरवी गुळाच्या ढेपा पाठवल्या आणि त्या झडपेच्या चारी कोपऱ्यांवर मांडल्या. चांगल्या जड, बुडाला सपाट, जाग्यावरनं हलत नाहीत. आम्हा सगळ्यांना ती युक्ती एकदम पसंत पडली. गूळ आणि तापलेलं लोखंड यांचं पुढं काय होतं, हे उसाच्या गावात जन्मलेल्या एकाही माणसाच्या डोक्यात आलं नाही. ज्यांच्या घरी वर्षातले चार महिने गुऱ्हाळ चालायचं, तेसुद्धा उभं राहून "आता कसं बसलं" म्हणत होते.

गूळ पाझरायला लागला. आधी गोणपाटातून एक धार आली, मग मोराच्या पिसाऱ्यात पाक साचला. सगळ्या आळीत असा वास सुटला की पोरं वाट्या घेऊन आली. यांनी घाईनं ढेपा उचलायला लावल्या, तर गोणपाट लोखंडाला चिकटून बसलेलं. दुपारी झडप गार झाली तेव्हा माझ्या म्हशीनं दावं तोडलं आणि मोराला तुऱ्यापासून शेपटीपर्यंत चाटून काढलं. खरखरीत जीभ, काम चोख. मोर लखलखीत झाला. वाकडा होता तो वाकडाच राहिला.

आमच्या दुकानाला लागून तालीम होती. वस्ताद पहाटेपासून हा सगळा प्रकार भिंतीवरून बघत आले होते. गूळ वाया गेला याचं त्यांना मनापासून दुःख झालं. ते आत आले आणि म्हणाले, "वजनच पायजे न्हवं? मग माझी पोरं काय मेलीत? एकेक पोरगं दोन ढेपांच्या वर हाय, आन वितळत न्हाई."

तर दुसऱ्या दिवशी सकाळी मेहनत संपवून तालमीतले सात-आठ पैलवान लंगोटावर आमच्या दुकानात येऊन बसले. झडपेखाली लाकडी ओंडके, वर ओली पोती, पोत्यांवर पैलवान. मी पदराआडून बघत होते आणि माझी हसून पुरेवाट झाली होती. यांनी काळी काच तोंडावर घ्यायच्या आधी बजावलं, "उजेडाकडं बघायचं न्हाई. डोळं जातील." पैलवानाला एखादी गोष्ट करू नको म्हणून सांगितलं की झालंच. सगळ्यांनी बघितलं. वरून ठिणग्या मांडीवर पडायच्या. एक उठला की त्या बाजूचं लोखंड उसळी घ्यायचं आणि समोरचा पैलवान टेकू सुटल्यागत मागं जायचा. वस्ताद काठी घेऊन फिरत होते. "ठिणगीला भितुयास व्हय रं? उद्या कुस्तीच्या फडात काय करशील?"

गार होईपर्यंत ते बसले, हे खरं. तोवर झडप अगदी सरळ होती. मी त्यांना भाकरी, पिठलं, दूध सगळं तिथंच नेऊन दिलं, त्यात माझं आठवड्याचं पीठ संपलं. मग ते उठले. झडपेचा कोपरा सावकाश, आळस दिल्यासारखा, वर आला आणि होता तिथं जाऊन थांबला.

मामंजी म्हणाले, "पैलवानासकट टांगायचं म्हण सुभेदाराला."

उजाडताच तालमीतून विव्हळण्याचा आवाज यायला लागला. सगळ्यांचे डोळे लाल होऊन सुजले होते. वाळू गेल्यासारखं होतंय म्हणत सगळे आमच्या कट्ट्यावर येऊन टेकले. मी बटाट्याच्या चकत्या कापल्या आणि एकेकाच्या डोळ्यांवर ठेवून वर फडकं बांधलं. वस्तादांच्याही बांधलं. आपण बघितलंच नव्हतं, नुसती पोरं बघताहेत का ते बघत होतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी त्या दिवशी उडदाचे पापड लाटून कट्ट्यासमोरच्या बाजेवर टाकले होते. हे शेजारी डोकं धरून बसले होते आणि पिंपरीला जाणाऱ्या एसटीची वेळ कुणाला तरी विचारत होते. माझं डोकं फिरलं. बाजेवरचा एक पापड उचलला आणि यांच्या नाकासमोर धरला. "ह्यो बघा. एकाच अंगाला ऊन दिलं की त्या अंगाला आकसतोय. म्हणून आमी थोडं ऊन हितनं देतो, थोडं तितनं, आन उलटत ऱ्हातो. तुमी एवढं शिकून आला, आन एक पापड न्हाई वाळवता येत?"

हेही चिडले. "ते मला ठावं हाय. मिलिटरीत आलटून पालटूनच डाग द्यायचो. पर तितं जाडजूड लोखंडी टेबल असायचं. त्याला शिकंज्यांनी आवळून टाकायचं, गार हुईस्तोवर सोडायचं न्हाई. तसलं टेबल हितं कुठनं आणू?"

मग बटाट्यांच्या रांगेतून वस्तादांचा आवाज आला. "टेबल कशाला पायजे? तगड्याला धरायला तेवढाच तगडा सोडायचा. दुसरी झडप हाय की तुमची. लावा जोड."

हे उठले ते थेट दुकानात गेले. दुसऱ्या झडपेला अजून नुसते टाके, म्हणजे पट्ट्या जागेवर धरायपुरते बारीक डाग, मारलेले होते. दोन्ही झडपा एकमेकींच्या पाठीला पाठ लावून आवळायच्या. डाग एकदा हिला, एकदा तिला. ही इकडं ओढणार, ती तिकडं ओढणार, आणि दोघी जागच्या जागी. एवढं साधं. मला हसूही आलं आणि रडूही आलं.

वाकड्या झडपेचे सांधे कापून पट्ट्या सुट्या केल्या. त्या सरळ करायचं काम ऐरणीचं, म्हणजे मामंजींचं. तोंडानं पुटपुटत, पण एकेक पट्टी त्यांनी डोळ्याला लावून, ठोकून, पुन्हा डोळ्याला लावून सरळ केली. सुताराकडचे, गॅरेजमधले, गावातले मिळतील तेवढे शिकंजे गोळा केले. कमी पडले तिथं बैलगाडीच्या साखळ्या आवळल्या. झडपा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मधे पत्र्याचे तुकडे घातले. मग यांनी इथं बोटभर डाग दिला, की पुढचा समोरच्या कोपऱ्यात. थोडं झालं की सगळं धूड उलटायचं. उलटायला पैलवान. डोळे बरे झाले होते, पण मी विश्वास ठेवला नाही. सगळ्यांना भिंतीकडं तोंड करून उभं केलं. यांच्या तोंडावरनं काच खाली आली की मी "उलटा" म्हणायची आणि ते वळून गेट उलटायचे. पापडाचं माझं ज्ञान त्या दिवशी असं कारणी लागलं. मी "थांबा, तिथं लय तापलंय, दुसरीकडं जावा" म्हटलं की हे मुकाट्यानं दुसरीकडं जायचे.

काम संपल्यावर यांना शिकंजे सोडायची घाई झाली. मामंजी गेटापाशी काठी घेऊन बसले. "गार हुईस्तोवर कुणी हात लावला तर पेकाट मोडीन." डागावर विश्वास नसलेल्या माणसानं डागांवर पहारा केला.

पुरतं गार झाल्यावर शिकंजे सुटले. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी ताणून धरली. ती सगळीकडं सारखी टेकली. मोरांच्या चोची भिडल्या. वस्तादांनी हलगी बोलावली आणि आम्ही गेट वाजतगाजत मळ्यावर नेलं. वास्तुशांत दुसऱ्या दिवशी होती.

तिथं गवंडी हसतमुखानं वाट बघत होता. खांब पूर्ण झाले होते, सिमेंट पक्कं झालं होतं. गेट टांगायला गेलो तर बसेना. झडप अडकवायला खांबात दोन खुंट होते, त्यातला वरचा एकीकडं, खालचा दुसरीकडं. मायाळू गवंड्यानं त्या पहिल्या वाकड्या झडपेच्या मापानं खुंट बसवले होते. "तुमचं गेट वाकडं हुतं म्हणून मी बी तसंच केलं," तो म्हणाला. "एकाच गावची माणसं, सांभाळून घ्यायला नको?" त्याला शिव्या द्यायलाही तोंड उघडेना. खुंट काढून नव्यानं बसवले तरी सिमेंट धरायला दिवस जाणार होते, आणि कर्नल सकाळी येणार होते.

घरी आल्यावर यांनी ट्रंक काढली. मी म्हटलं, "आवं, गेट सरळ हाय. खांब वाकडा हाय. तुमी खांबाचं काय बोलला नव्हता." हे म्हणाले, "खांबाला बसलं न्हाई तर, असंच बोललो हुतो." दिलेला शब्द म्हणजे शब्द. कपडे घड्या घालून, पातेली एकात एक बसवून मिलिटरीच्या पद्धतीनं ट्रंक भरली. सकाळची भाकरी झाल्यावर तवासुद्धा पुसून तिच्यात ठेवला. मळ्यावरचा कार्यक्रम आटपून संध्याकाळची एसटी, असं ठरलं. मी म्हशीपाशी जाऊन रडून घेतलं. मामंजी म्हणाले, "तुमी व्हा म्होरं. मी दुकान बंद करून येतो."

मळ्यावर मांडव पडला होता आणि गेट उभं होतं. बंद, सरळ, मोर समोरासमोर. मी चक्रावले. मग मागच्या बाजूला गेले तर तालमीतले सगळे पैलवान, सुभेदारांनी दिलेले गुलाबी फेटे बांधून, झडपा खांद्यानं पेलून उभे. वस्ताद म्हणाले, "वैनी, बसलं का न्हाई खांबाला?"

जीप आली. सुभेदारांनी कडक सलाम ठोकला आणि हुकूम दिला. दोन्ही झडपा उघडायला लागल्या, आणि झडपांखालून उघड्या पायांची रांग पावलं टाकत चालली. कर्नलसाहेबांनी वाकून बघितलं. "सुभेदारसाब, गेट के नीचे पैर हैं."

"जी साब," सुभेदार म्हणाले. "गेट पे ड्यूटी है."

कर्नलांना ते पटलेलं दिसलं. मग त्यांनी गेट पुन्हा बंद करायला लावलं, जवळ आले, एक डोळा मिटला आणि बंदुकीच्या नळीवरून बघावं तसं झडपेच्या कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. "सीधा है," ते म्हणाले. "किसने बनाया?" हे मांडवाच्या खांबाशेजारी सावधान उभे होते. सुभेदारांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "हमारे गाँव का है, साब." मामंजी उशिरा, घामाघूम होऊन आले तेव्हा यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

परतताना गाडीतून घर दिसायला लागलं तसे हे हळूच म्हणाले, "म्हशीची धार कवा काढतीस? च्या कर." मी म्हटलं, "च्याचं पातेलं तुमच्या ट्रंकंत हाय."

हे आत गेले आणि ट्रंकेशी खटपट करायला लागले. बराच वेळ खाटखूट ऐकू आली. मी जाऊन बघितलं. ट्रंकेच्या सगळ्या कड्या-कोयंड्यांत, जिथं कुलूप घालायचं, तिथं जाड रिबीटं ठोकलेली होती. ठोकून डोकी अशी चपटी केलेली की करवतीशिवाय झाकण उघडणार नव्हतं. त्या ट्रंकेतून काही काढून पिंपरीला जाऊन चूल मांडणं आता कुणालाच शक्य नव्हतं.

मामंजी दारात तंबाखू मळत उभे होते. मुलाकडं न बघता म्हणाले, "बघ, कुठं वाकलंय का."

यांनी गुडघे टेकले, एक डोळा मिटला आणि झाकणाच्या कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"न्हाई, आबा," हे म्हणाले. "सरळ हाय."

त्या रात्रीच्या भाकऱ्या मी शेजारणीच्या तव्यावर भाजल्या.